हिवाळ्याच्या बंबासाठी वैशाखातली काटकी

थंडीसाठी लाकूडफाटा भरून ठेवला आहे असे कोणी सांगितले, की मी आधी बारीक जळणाची चौकशी करते. ओंडके आणि फोडलेली लाकडे सगळेच भरतात. त्यांचे पैसे मोजलेले असतात, ती उतरवून घेताना माणसे राबलेली असतात, आणि पडवीत लागलेली थप्पी पाहून घर निश्चिंत होते. पण पौषात भल्या पहाटे न्हाणीघरात जो जाळ करायला बसतो, त्याला सुरुवातीला त्या थप्पीचा काहीही उपयोग नसतो. त्याला मूठभर कोरडी पाती, करंगळीएवढ्या काटक्या, दोनचार करवंट्या आणि ओंजळभर ढलप्या हव्या असतात. एवढे हाताशी असले, की उत्तम ऐनाचे लाकूडही पेटते आणि सामान्य आंब्याचेही पेटते. एवढे नसले, तर फुंकणीने फुंकून डोळे लाल होतात आणि शेवटी कोणीतरी रॉकेलच्या बाटलीची आठवण काढतो.

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात, नारळी-सुपारीच्या वाडीत आहे. इथली थंडी घाटावरच्या माणसाला हसू यावे इतपतच असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १६-१७ अंशांच्या आसपास येतो, पण त्या वेळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा अंगाला झोंबतो आणि घरातील वडीलधाऱ्यांना कढत पाण्यावाचून चालत नाही. घरात गॅस आहे. तरीही आंघोळीचे पाणी आम्ही बंबातच तापवतो, कारण त्याला लागणारे जळण वाडी स्वतःच खाली टाकत असते. एक माड वर्षाला साधारण बारा झावळ्या टाकतो. मोजके माड असलेल्या वाडीतही वर्षभर काही ना काही पडत राहते. ते उचलून कुठेतरी नेऊन टाकावेच लागते, मग ते जाळून पाणी का तापवू नये, असा हा साधा हिशेब आहे.

ज्यांनी बंब वापरलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना सांगते, कारण बारीक जळणाचा सगळा मुद्दा तिच्यात आहे. तांब्याच्या उभट भांड्याच्या मधोमध एक नळकांडे असते, त्याच्या तळाशी जाळी असते आणि भोवताली पाणी असते. जळण वरून नळकांड्यात सोडायचे, विस्तव जाळीवर राहतो, राख खाली गळते, आणि तेच नळकांडे धुराडे म्हणूनही काम करते. हवा खालून ओढली जाते, त्यामुळे एकदा जाळ धरला की तो फुरफुरत वर जातो. मात्र त्या नळकांड्याच्या तोंडात मनगटाहून जाड लाकूड जात नाही. चुलीला निदान जाड लाकूड पुढे पुढे सारता येते, बंबाला तीही सोय नाही. म्हणजे ज्याला आपण ‘पेटवण’ म्हणून दुय्यम समजतो, तेच बंबाचे मुख्य अन्न असते, आणि ते हिवाळाभर रोज लागते.

हे जळण हिवाळा आल्यावर गोळा करता येत नाही का, असे कोणी विचारील. डिसेंबरात रानात काटक्या पुष्कळ दिसतात आणि वरवर त्या वाळलेल्याही असतात. पण रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जमिनीवर पडलेली प्रत्येक काटकी चार महिने त्या पावसात भिजत पडलेली असते. बुरशीने तिचा गाभा खाल्लेला असतो. हातात घेतल्यावर ती भेंडासारखी हलकी लागते, पेटली तरी भुरभुर जळून जाते आणि मागे निखारा ठेवत नाही. शिवाय खरी गरज डिसेंबरच्याही आधी सुरू होते. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब चिंचेने घासून, पाणी भरून, झेंडूची माळ घालून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरातील सर्वांच्या अभ्यंगस्नानाचे पाणी त्यावर एकापाठोपाठ तापते. दिवाळी अनेकदा पावसाच्या पाठीवरच येते. त्या पहाटेसाठी लागणारी काटकी ही पाऊस लागण्यापूर्वी, म्हणजे फाल्गुन ते वैशाखात, गोळा करून ठेवलेलीच असावी लागते. हिवाळ्याच्या जाळाची तयारी उन्हाळ्यात होते आणि तिची परीक्षा पावसाळ्यात होते.

उन्हाळ्यात गोळा करायच्या वेळी आमच्याकडे एक अडचण असते, तिचे नाव राब. भाताची रोपे जिथे करायची तो जमिनीचा तुकडा भाजून काढण्यासाठी शेणखत, पातेरा, कवळ (झाडांच्या छाटलेल्या पानांसकट फांद्या) आणि वर माती यांचे थर देतात, आणि ते सगळे उन्हाळ्याच्या दिवसांत पेटवतात. त्यामुळे वाडीतला पातेरा आणि टहाळ यांवर पहिला हक्क शेताचा, असे घरोघरी मानले जाते आणि ते बरोबरही आहे. पण राबाला कुजका, ओलसर, मातीत मिसळलेला पाला चालतो. बंबाला तो चालत नाही. म्हणून झाडाखालून झाडून काढलेला पातेरा राबाला द्यायचा आणि झाडावरच वाळलेली किंवा नुकतीच पडलेली काटकी बंबाला ठेवायची, अशी वाटणी आम्ही करतो. ही वाटणी आधीच ठरवली नाही, तर राब भाजण्याच्या घाईत चांगल्या काटक्यांची मोळीही त्यात जाते.

झाडावर उभ्याउभ्या वाळलेली फांदी ही सर्वांत चांगली. तिच्यातील पाणी आधीच गेलेले असते, मातीचा आणि वाळवीचा संबंध आलेला नसतो, आणि आकडीने ओढली की ती कडकन मोडून हातात येते. आंबा, जांभूळ, रातांबा, फणस यांच्या आतल्या बाजूला, सावलीत मरून गेलेल्या बारीक फांद्या पुष्कळ असतात. त्या काढल्याने झाडही मोकळे होते. यासाठी झाड तोडावे लागत नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर अशी कितीतरी झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. त्यासाठी १९६४ पासून राज्याचा कायदा आहे. खाडीकाठच्या कांदळवनाला तर हातही लावायचा नाही, मग तिथली फांदी कितीही वाळलेली दिसो. समुद्रकिनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनात पडलेल्या बारीक डहाळ्या मात्र उत्कृष्ट जळतात. सुरूचे लाकूड जड असते, त्याचा जाळ कडक असतो आणि निखारा टिकतो.

नारळाचे प्रकरण वेगळे आहे, कारण त्याच्या प्रत्येक भागाचा जळण्याचा स्वभाव निराळा असतो, आणि सगळ्यांना एकाच ढिगात टाकणे ही मला दिसणारी सर्वांत मोठी उधळपट्टी आहे. झावळीच्या पात्यांतून हीर काढून खराटे केले, की उरलेली पाती हे पहिल्या ठिणगीचे जळण होते. काडी लावताच ती भडकतात आणि अर्ध्या मिनिटात संपतात, पण तेवढ्यात काटकीने पेट घेतलेला असतो. पोय, म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरचे आवरण, वाळली की होडीच्या आकाराची, चिवट आणि कोरडी असते. ती उभी चिरून तिच्या लांब कामट्या केल्या, तर एकेक कामटी मशालीसारखी स्थिर जळते, आणि वारा असताना माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावरच असतो. करवंटीला पेट घ्यायला थोडा वेळ लागतो, पण एकदा पेटली की तिचा जाळ लाकडाहून प्रखर असतो आणि तिचा कोळसा टणक होतो. बंबात दोन करवंट्या गेल्या की पाण्याचा आवाज बदलतो. सोडण, म्हणजे नारळाचे बाहेरचे तंतुमय साल, मात्र पेटवायला निरुपयोगी असते. ते पाणी धरून ठेवते, ज्योतीने जळण्यापेक्षा धुमसत राहते आणि धूर फार करते. पण त्याच गुणामुळे विस्तव राखून ठेवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पहिली बादली निघाली आणि पुढचा माणूस अजून उठायचा असला, की निखाऱ्यावर एक सोडण ठेवून द्यावे. झावळीचा बुंध्याकडचा जाड भाग वजनाने हलका वाटला तरी बाहेरून चिवट असतो. तो कुऱ्हाडीने उभा फोडल्याशिवाय ठेवू नये, कारण आतला भुसभुशीत गर पावसाळ्यात ओल ओढतो.

ढलप्यांसाठी सुताराकडे जावे. ओंडके फोडताना ज्या चिलप्या उडतात त्या घरच्याच असतात, पण हिवाळाभर पुरतील इतक्या कधी निघत नाहीत. सुताराकडच्या ढलप्या घेताना एक पाहायचे: त्यात प्लायवूडचे तुकडे आणि रंगवलेल्या फळ्यांचे तुकडे नकोत. त्यांतील डिंकाचा आणि रंगाचा धूर न्हाणीघरासारख्या कोंडलेल्या जागेत घेण्यासारखा नसतो. बांबूची कामटी छान पेटते, मात्र न फोडलेले पेर विस्तवात घातले तर आतली हवा तापून ते बंदुकीच्या बारासारखे फुटते आणि निखारे अंगावर उडतात. तिरडीला बांबू लागतो म्हणून तो घरच्या जाळात घालू नये असे मानणारीही पुष्कळ घरे आहेत. आमच्या सासूबाई त्यांतल्याच आहेत, त्यामुळे आमच्याकडे बांबू फक्त जळण रचायच्या चौकटीपुरता येतो.

आता वाळवण्याकडे येते. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या सुमारे निम्मे पाणीच असते. लाकूड जळण्याआधी ते पाणी तापून त्याची वाफ व्हावी लागते, आणि एक किलो पाण्याची अशी वाफ व्हायला सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत, ती सगळी कामी आली असे धरले तर, आंघोळीच्या जवळजवळ दोन बादल्या कोमट होतील. म्हणजे ओल्या जळणातून गेलेले प्रत्येक किलो पाणी आपल्या दोन बादल्या घेऊन धुराड्यातून बाहेर जाते, आणि वर डोळ्यांत धूर देऊन जाते. नीट वाळलेल्या जळणात ओल वीस टक्क्यांच्या खाली असावी लागते. ती मोजायचे यंत्र मिळते, पण काटकीला त्याची गरज नाही. काटकी वाकवावी, वाकली तर ओली, कडकन मोडली तर वाळलेली. दोन ढलप्या एकमेकींवर आपटाव्यात. आवाज खणखणीत आला तर वाळल्या, बद्द आला तर त्यांना आणखी ऊन दाखवावे.

लाकडातील पाणी सालीतून फारसे जात नाही. ते तोडलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून जाते. म्हणून आखूड केलेले आणि उभे फोडलेले जळण लवकर वाळते, आणि अख्खी, साल न निघालेली फांदी महिना झाला तरी आतून ओलसर राहते. काटक्यांची लांबी मी बंबाच्या नळकांड्याच्या मापाने ठेवते, साधारण वीतभर, आणि हे मोडण्याचे काम चैत्रातच उरकते, कारण वाळलेली काटकी हाताने मोडते, तर पावसाळ्यात मऊ पडलेल्या त्याच काटकीला कोयता लावावा लागतो. वाळवायला अंगण लागते, आणि वैशाखात आमच्या अंगणात आमसुले, साटे, सांडगे, मिरच्या यांची गर्दी असते. या क्रमात जळणाचा नंबर अर्थातच शेवटचा असतो. त्याला कडेची, वाऱ्याची जागा मिळाली तरी पुरते. किनाऱ्यावरची हवा मे महिन्यातही दमट असते, त्यामुळे नुसत्या उन्हापेक्षा मधून खेळणारा वारा अधिक काम करतो. काटक्यांचा जाड ढीग उन्हात घातला तर वरचा थर तडकतो आणि खालचा घाम फुटल्यासारखा ओला राहतो.

पावसाळ्यातली साठवण हा या सगळ्यातला अवघड भाग आहे, आणि त्याबाबत एक समजूत सर्रास दिसते. डोक्यावर छप्पर असले आणि थेंब लागला नाही, की जळण कोरडे राहते, अशी ती समजूत. प्रत्यक्षात लाकूड हवेतून ओल घेते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, आणि अशा हवेत ठेवलेले लाकूड, त्याला एकही थेंब लागला नाही तरी, हळूहळू वीस टक्क्यांच्या जवळपास ओल धरते. जाड ओंडक्याला तिथपर्यंत पोहोचायला फार दिवस लागतात; करंगळीएवढी काटकी दोनतीन दिवसांत पोहोचते. सासूबाई हेच त्यांच्या पद्धतीने सांगतात: “अगं, आधी काटकी आत घे. ओंडका भिजला तर त्याची साल भिजते, काटकी भिजली की सगळीच भिजते.” वळवाचा पहिला पाऊस गडगडायला लागला, की घरातील नवी माणसे ओंडक्यांवर ताडपत्री घालायला धावतात आणि जुनी माणसे काटक्यांच्या पेंड्या उचलतात.

आम्ही जळण तीन जागी ठेवतो. ओंडके आणि फोडलेली लाकडे मागच्या पडवीत, जांभ्याच्या चिऱ्यांवर आडवे बांबू टाकून, जमिनीपासून वीतभर उंच रचतो; भिंतीला टेकवत नाही, मागे हात जाईल एवढी फट ठेवतो. पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून ती पडवी घराच्या पूर्वेला आहे, आणि तरीही पागोळ्यांचे तुषार उडू नयेत म्हणून कडेला झावळ्यांच्या विणलेल्या झापांची झडी बांधतो. प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी गुंडाळण्याची पद्धत हल्ली वाढली आहे, तिच्या मी विरोधात आहे. आतली ओल बाहेर जात नाही, कागदाच्या आतून पाणी सुटते आणि श्रावणापर्यंत लाकडावर पांढरी बुरशी येते. वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

करवंट्या आणि सोडणे दुसऱ्या जागी, गोठ्याच्या माळ्यावर जातात. करवंट्या एकात एक घालून पालथ्या ठेवायच्या. उताण्या ठेवलेल्या करवंटीत चुकून पागोळी गळली तर पाणी साठते, आणि डेंग्यूचा डास नेमक्या अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खात्याची माणसे पावसाळ्यात घरोघर फिरताना टायर आणि करवंट्या आधी पाहतात, ते यामुळेच.

तिसरी जागा काटकी, पाती आणि पोयीच्या कामट्यांची, आणि ती घरातील सर्वांत कोरडी जागा असावी लागते. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत अजून चूल पेटते. तिच्या वर, डोक्याला लागणार नाही एवढ्या उंचीवर, बांबूची चौकट टांगलेली आहे. काटक्यांच्या जाडीप्रमाणे पेंड्या करून त्या केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या पदराने, बांधतो आणि तिथे चढवतो. चुलीची ऊब रोज थोडी थोडी वर जाते, त्यामुळे तिथली काटकी भर आषाढातही कडकन मोडते. धुरामुळे घुणही तिच्याकडे फिरकत नाही. चुलीपासून पुरेसे अंतर ठेवणे आणि जाळ मोठा असताना कोणी तरी तिथे असणे, ही काळजी अर्थातच घ्यावी लागते. ज्यांच्याकडे चूल नाही त्यांनी पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात पाती आणि ढलप्या भरून ठेवाव्यात. वैशाखातल्या दुपारी, ऊन अंगात असतानाच भरून झाकण घट्ट लावले, तर तो डबा दिवाळीपर्यंत साथ देतो. पुण्या-मुंबईहून सुट्टीपुरते गावी येणाऱ्यांना मी हाच उपाय सांगते.

जळणाच्या ढिगात राहायला येणाऱ्यांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. वाळवी जमिनीतून चढते, ती चिऱ्यांमुळे दिसते तरी. विंचू आणि फुरसे हा विषारी साप दिसत नाहीत. कोकणातला लाल विंचू फार विषारी असतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशाचा अभ्यास केला, आणि प्राझोसिन या औषधाच्या वापरामुळे या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे म्हणून हात घालायचे धाडस करू नये. जळण काढताना आधी काठीने ठोकावे, दिवसाउजेडीच काढून आणावे, आणि पहाटेचे जळण आदल्या संध्याकाळी न्हाणीघरात आणून ठेवावे. अंधारात पडवीतल्या थप्पीत हात घालायची वेळ येऊ नये, हा आमच्या घरातला पाण्याच्या बंबाइतकाच जुना नियम आहे. विंचू चावला किंवा फुरसे डसले, तर गावठी उपायांत वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठावा.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि एका दुपारीत वाड्या आडव्या झाल्या. नारळी-सुपारीची झाडे इतकी पडली, की काही दिवस पायवाटाही सापडत नव्हत्या. बाहेरून मदतीला आलेल्यांपैकी कोणी सहज म्हणून गेले, की आता तुम्हांला कितीतरी वर्षे जळण पुरेल. तसे झाले नाही. ते सगळे हिरवे होते, आणि वाळायला उन्हाचे दिवस उरलेच नव्हते. थोड्याच दिवसांत पाऊस लागला. माडाचे खोड बाहेरून टणक असले तरी आतून पाण्याने भरलेले असते, ते फोडणे जिकिरीचे आणि वाळवणे त्याहून जिकिरीचे. छपरे उडालेली, वीज नाही, आणि बहुतेक पडझड वाडीतच कुजली. त्या पावसाळ्यात ज्या घरांचा माळा शाबूत राहिला होता त्यांच्या काटक्यांच्या पेंड्या शेजारीपाजारी वाटल्या गेल्या. ओंडका कोणी मागत नव्हते. ओले का होईना, जाड लाकूड प्रत्येकाच्या दारात पडले होते.

पाऊस सरला की आश्विनातल्या कडक उन्हाचा फायदा घ्यावा. ज्या गुणाने काटकी ओल लवकर धरते त्याच गुणाने ती लवकर सोडतेही. दोनतीन दिवसांचे चांगले ऊन आणि वारा मिळाला, तर पावसाळाभर मऊ पडलेली पेंडी पुन्हा खडखडीत होते. मात्र हे ऊन सकाळी उशिरा दाखवायचे आणि चार वाजता पेंडी उचलून आत न्यायची. परतीचा पाऊस दुपारनंतरच येतो, आणि तो नाही आला तरी दव पडते. याच दिवसांत भाताची झोडणी झाल्यावर नवा पेंढा येतो. तो पेटवायला बरा, पण त्याची राख फार होते आणि बंबाची जाळी तुंबते; शिवाय गुरांचा घास जाळणे कोणालाच आवडत नाही. आम्ही तो चुलीसाठी मूठभर घेतो, बंबासाठी घेत नाही.

पेंढ्याचा आणि बारीक जळणाचा खरा उत्सव म्हणजे पोपटी. वालाच्या शेंगा भरू लागल्या की रायगडात रात्री शेताच्या बांधांवर जाळ दिसू लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, कोणाकडे अंडी, कोणाकडे मसाला लावलेले कोंबडीचे तुकडे, आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्डीचा पाला घट्ट कोंबून मडके जमिनीवर पालथे घालतात. पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. भोवती पाला, पेंढा, काटक्या रचून जाळ करतात आणि अर्ध्यापाऊण तासात पोपटी तयार होते. इथे ओंडका लावणारा माणूस नवखा समजावा. ओंडक्याचा निखारा एका बाजूला साचतो, तिथे मडके तडकते आणि दुसऱ्या बाजूच्या शेंगा कच्च्या राहतात. मडक्याला सगळीकडून सारखा, उंच आणि लवकर विझणारा जाळ हवा असतो, आणि तो फक्त बारीक जळणाचाच होतो. ज्यांनी काटकी राखून ठेवलेली असते त्यांना पोपटीचे आमंत्रण हमखास मिळते, हा आणखी एक फायदा.

रोजच्या बंबाची माझी पद्धत अशी. आधी जाळीवरची राख पाडायची, कारण जाळी तुंबली तर वरचे सगळे कौशल्य फुकट जाते. पाणी भरले आहे याची तोटी सोडून खात्री करायची. कोरड्या बंबात जाळ केला तर डाग दिलेले सांधे सुटतात. मग पात्यांची सैल गुंडाळी, तिच्यावर करंगळीएवढ्या काटक्या आडव्यातिडव्या, त्यावर पोयीची एक कामटी, आणि खालून काडी. काटक्या घट्ट दाबून भरायचा मोह आवरावा, कारण त्यांच्यामधून हवा गेली तरच जाळ वर येतो. फुरफुर आवाज सुरू झाल्यावर ढलप्या, मग अंगठ्याएवढ्या काटक्या, आणि शेवटी करवंटी. या क्रमात रॉकेलला आणि प्लास्टिकच्या पिशवीला जागा नाही. पिशवीने पेटवण्याची सवय अलीकडे फार बोकाळली आहे. तिचा धूर विषारी असतो, आणि तो सर्वांत आधी फुंकणी हातात असलेल्या माणसाच्या छातीत जातो. जळणातही काही गोष्टी वर्ज्य आहेत: कण्हेरीच्या आणि शेराच्या काटक्या, बिब्ब्याची फांदी, आणि काजूच्या बियांची टरफले. टरफलांतील तेल भडकून जळते खरे, पण त्या तेलाने कातडी भाजते आणि धुराने डोळे व घसा चुरचुरतो. न्हाणीघराची खिडकी थंडीतही उघडी ठेवावी. बंद खोलीत धुमसणाऱ्या विस्तवाचा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

जाळ उतरल्यावर उरलेले कोळसे पाण्याने विझवू नयेत. ते पत्र्याच्या घमेल्यात काढून वर दुसरे घमेले पालथे घातले, की हवेअभावी विझतात आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या काटक्यांत काम भागते. राख चाळून भांड्यांना, आळवाच्या आळ्याला, आणि थोडी बियाण्याच्या वालात मिसळायला ठेवतो.

माघ सरता सरता चुलीवरची चौकट आम्ही पूर्ण रिकामी करतो. जुन्या पेंडीवर नवी पेंडी चढवत गेले, तर तळाशी वर्षानुवर्षांचा चुरा साचतो आणि त्यात झुरळे व घुण धरतात. जी काटकी शिल्लक असेल ती शेवटच्या थंडीच्या आठवड्यात सढळ हाताने जाळायची, उरलेला चुरा आणि मोडकी पाती टोपलीत भरून राबावर पसरायला द्यायची, चौकटीचे सोप आणि दोऱ्या बदलायच्या, आणि फाल्गुनात आकडी घेऊन पुन्हा आंब्याखाली जायचे.